फितीने मोजलेला सेंटर

‘उंची शिकवता येत नाही,’ असं युनिटच्या बास्केटबॉल ट्रायलमध्ये कोणीतरी हमखास म्हणतं आणि सर्वांत उंच रिक्रूट सेंटर ठरतो. उंची शिकवता येत नाही हे खरंच. म्हणूनच तर पोरगा पुढे किती सुधारेल, हे ती सांगत नाही.

पंजाबात पोस्टिंग असलं की दाखला सतनामसिंगचा. बल्लो के गावचा, ७ फूट २ इंच, २०१५ च्या ड्राफ्टमध्ये डॅलसने ५२ वा निवडला. पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही, हे कोणी बोलत नाही. २००९ मध्ये ७ फूट ३ इंचांचा थाबीत दुसरा निवडला गेला, पाच हंगामांत आटोपला. २०१४ मध्ये योकिच ४१ वा: उडी बेताची, अंग सुटलेलं, पण हात मऊ आणि नजर चौफेर. तो तीनदा एमव्हीपी झाला.

आपल्याकडे उंच पोराला बास्केटखाली खांबासारखं उभं करतात, ड्रिबल करू देत नाहीत आणि दोन वर्षांनी म्हणतात, ‘सुधारला नाही.’ सुधारणार कसा?

फीत ठेवा बाजूला. फ्री थ्रो टाकायला लावा. रिबाउंड घेऊन खाली आल्यावर पाय लगेच पुन्हा उचलतात का, तिसऱ्या फाउलनंतर हात आवरतो का, ते बघा. मुख्य म्हणजे सोमवारी सांगितलेलं शुक्रवारी खेळात दिसतं का? दहा मिनिटांच्या ट्रायलमध्ये हे कळणार नाही, साहेब. महिनाभर मैदानावर या.