विश्लेषण : संत्र्याचे कलम घेताना मुळे कोण पाहणार?

पावसाळा आला की वरूड, मोर्शी, काटोल पट्ट्यात संत्र्याच्या कलमांची खरेदी सुरू होते. कलम किती उंच, पाने किती हिरवी, दर काय, एवढेच पाहिले जाते. पिशवीतली माती कोणी पाहत नाही. बाग टिकणार की ऐन बहराच्या वयात डिंक्याने वाळणार, हे बऱ्याच अंशी तिथेच ठरते.

संत्र्याच्या एका झाडात दोन झाडे असतात. वर नागपुरी संत्रा, खाली जंबेरी किंवा रंगपूर लाइमचा खुंट. जंबेरी जोमाने वाढते म्हणून रोपवाटिकांची लाडकी. पण मूळकूज आणि डिंक्याला कारण ठरणाऱ्या फायटोफ्थोरापुढे ती लवकर हार मानते. रंगपूर लाइम तुलनेने तग धरते.

खुंट एकटाच लढतो का?

नाही. मुळे शर्करा आणि सेंद्रिय आम्ले मातीत सोडतात, त्यावर सूक्ष्मजीव पोसले जातात. त्यातली ट्रायकोडर्मा बुरशी रोगकारकांवर थेट चाल करते. स्युडोमोनास जिवाणू मुळांवरची जागा अडवतात आणि झाडाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी करतात. खुंट बदलला की ही वस्तीही बदलते, असे सफरचंदाच्या खुंटांवरील अभ्यासात दिसले आहे.

मग जैविक औषध ओतले की झाले?

इथेच गफलत होते. फायटोफ्थोरा बुरशीसारखा दिसतो, पण खरी बुरशी नव्हे. त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात. काळ्या जमिनीत पाणी साचले की त्यांचे फावते. झाड पिवळे पडले म्हणून बुंध्याशी कार्बेन्डाझिम ओतले, तर फायटोफ्थोराला काही होत नाही, ट्रायकोडर्मा मात्र मरते. शत्रू शाबूत, मित्र गारद, आणि पैसे गेले ते वेगळेच! ट्रायकोडर्मा शेणखतात मुरवून, रोग दिसण्याआधी द्यायची असते. सडलेली मुळे ती पुन्हा उभी करत नाही.

म्हणूनच रोपवाटिकांची तपासणी कागद आणि कलमांची संख्या पाहून थांबता कामा नये. विक्रीआधी पिशवीतल्या मातीची फायटोफ्थोरा चाचणी बंधनकारक हवी आणि खुंट कोणता, हे पावतीवर छापलेले हवे. कलम फसले हे कळेपर्यंत शेतकऱ्याची काही वर्षे गेलेली असतात; ती कोणतीही भरपाई परत देत नाही.

तोवर खरेदीच्या वेळी दोन-चार पिशव्या फाडून पाहाव्यात. डोळ्याचा जोड मातीपासून साधारण 9 इंच वर असावा. बारीक मुळे तपकिरी असतील, बोटाने ओढताच त्यांची साल निघत असेल, तर गाडी तशीच परत पाठवावी.