अम्मीच्या फोनलाही ई-सिम हवं

तीन वर्षांपूर्वी अम्मी-अब्बा उमऱ्याला निघाले. घरात इंजिनिअर मीच, त्यामुळे 'मोबाईलचं तू बघ' असं ठरलं. मी दोन रात्री जागून दर ताडून पाहिले, एका जीबीला किती पैसे पडतात याचा तक्ता केला आणि सर्वांत स्वस्त पडणारं 20 जीबीचं एकच ई-सिम अब्बांच्या फोनमध्ये टाकलं. अम्मीनं त्यांचा हॉटस्पॉट वापरायचा. हिशेब चोख होता.

मदिनेत मस्जिद-ए-नबवीत स्त्रिया आणि पुरुष वेगवेगळ्या भागांत नमाज पढतात. दुसऱ्याच दिवशी इशानंतर अम्मी भलत्याच दरवाजातून बाहेर पडली. हातात फोन होता, पण इंटरनेट अब्बांच्या खिशात. नकाशा उघडेना, लोकेशन जाईना. तिच्या नंबरचं रोमिंगही मी 'उगाच खर्च' म्हणून सुरू केलं नव्हतं. सव्वा तासानं लातूरच्या एका बाईंनी तिला हॉटेलवर आणून सोडलं.

परत आल्यावर ती एवढंच म्हणाली, "मी हरवले होते असं सगळे सांगतात. अरे, तुझे अब्बाही मला सापडत नव्हते."

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: परदेशप्रवासासाठी डेटा निवडताना 'जीबी किती?' हा पहिला प्रश्न नाही. 'कोणाच्या फोनमध्ये?' हा पहिला प्रश्न आहे. आपल्या घरांत पासपोर्ट, पैसे आणि आता इंटरनेटही घरच्या पुरुषाच्या खिशात असतं. आपण त्याला काळजी म्हणतो. पण रौज्याच्या भेटीचा परवाना नुसुक ॲपवर घ्यावा लागतो आणि स्त्री-पुरुषांच्या वेळा वेगळ्या असतात. अम्मीच्या वेळेला अब्बांचा हॉटस्पॉट तिच्यासोबत जात नाही. म्हणून 20 जीबीचं एक घेण्याऐवजी छोटी दोन घ्या. थोडे पैसे जास्त जातील, जाऊ द्या.

आता निवडीचं. ई-सिम म्हणजे फोनमध्येच बसवलेली चिप. क्यूआर कोड स्कॅन केला की कंपनीचं प्रोफाइल तिच्यात उतरतं. सर्व फोनमध्ये ही सोय नसते, आणि घरातला सर्वांत जुना फोन बहुधा अम्मीकडेच असतो. त्यामुळे आधी *#06# दाबा. ईआयडी नावाचा 32 आकडी क्रमांक दिसला तर सोय आहे. नसेल तर तिच्या भारतीय नंबरवर रोमिंग पॅक घ्या किंवा तिथे उतरल्यावर स्थानिक सिम घ्या.

प्रवासी ई-सिम बहुतेक वेळा फक्त डेटाचं असतं. त्याला फोन नंबर नसतो. व्हॉट्सॲप जुन्याच नंबरवर चालत राहतं. बँकेचा ओटीपी मात्र भारतीय सिमवर येतो, म्हणून ते चालू ठेवा. त्याची आंतरराष्ट्रीय रोमिंग सेवा निघण्यापूर्वी सुरू करून घ्या, पण त्यावरचं डेटा रोमिंग बंद ठेवा. नाहीतर बिल पाहून घाम फुटेल.

घेण्यापूर्वी चार गोष्टी विचारा. मुदत कधीपासून मोजतात, प्रोफाइल टाकल्यापासून की तिथलं नेटवर्क पकडल्यापासून? 'अनलिमिटेड' असेल तर रोज किती डेटानंतर वेग कमी होतो? हॉटस्पॉट चालतो का? एसटीसी, मोबिली आणि झैन यांपैकी कोणतं नेटवर्क मिळेल? एकापेक्षा जास्त मिळत असतील तर उत्तम. गर्दीत एक मंदावलं तर दुसरं निवडता येतं.

विकणाऱ्याकडे परवाना आहे का, हेही पाहा. जानेवारी 2024 मध्ये परदेशी ई-सिम विकणाऱ्या दोन कंपन्यांची ॲप्स भारतातल्या ॲप स्टोअरमधून काढली गेली, कारण दूरसंचार विभागाचं ना-हरकत प्रमाणपत्र त्यांच्याकडे नव्हतं. पासपोर्टची प्रत मागितली तर वैतागू नका, पण ती कोणाच्या हाती देतोय ते तपासा.

प्रोफाइल घरच्या वायफायवरच टाका. क्यूआर कोड सहसा एकदाच चालतो, म्हणून विमानतळावर गडबडीत ते डिलीट करू नका.

'अम्मीला कुठे जमणार?' असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर तयार आहे. परवा खाला उमऱ्याची तयारी करत होत्या. मी लॅपटॉप उघडेपर्यंत अम्मीनं त्यांचा फोन घेऊन *#06# दाबलंही होतं. मग चष्मा कपाळावर सरकवत म्हणाली, "हिच्यात सोय आहे. पण भावजींच्या फोनमध्ये नाही. त्यांना हिचा हॉटस्पॉट घ्यावा लागेल."