रामपुरी ओळखलात, पुढे काय?

सिनेमा थांबवून त्यातला चाकू ओळखण्याचा एक छंद आहे. मूठ मोठी करून बघायची, पात्याचा आकार ताडायचा आणि जाहीर करायचं: हा ओपिनेल, हा लागिओल, हा बक. आपल्याकडच्या या छंदिष्टांचा लाडका मोहरा म्हणजे रामपुरी. जुन्या हिंदी सिनेमातला गुंड खिशात हात घालतो आणि यांचे डोळे चमकतात. छंदाला माझी हरकत नाही. एखाद्या वस्तूकडे इतकं निरखून पाहणारी माणसं आता दुर्मीळच आहेत. हरकत आहे ती पाहणं जिथे थांबतं त्याला. नाव सांगितलं की काम संपलं, असं हे समजतात.

आणि ते नाव तरी कुठे धड सांगतात? खटका दाबला, पातं बाहेर आलं, की म्हणे रामपुरी. मुठीच्या तोंडातून सरळ पुढे उसळणारं पातं असलं तरी रामपुरीच. खरा रामपुरी घडीचा असतो. त्याचं लांब, निमुळतं पातं मुठीच्या पोटात मिटलेलं असतं आणि बाजूने फिरून उघडतं. एवढा साधा फरकही ज्यांना दिसत नाही, त्यांनी 'पारखी' म्हणून मिरवू नये.

पण ही झाली किरकोळ तक्रार. माझं खरं भांडण वेगळं आहे.

हिंदी पडद्यावर खिशातल्या चाकूने कधी कुणी पेरू कापलेला आठवतो? पेन्सिलीला टोक केलेलं? उसाचं कांडं सोललेलं? फळ कापलं जातं, नाही असं नाही, पण ते खलनायकाचं सफरचंद. एक फोड चाकूच्या टोकावर, नजर समोरच्या बांधून ठेवलेल्या माणसावर. म्हणजे फळ कापतानाही चाकूने धमकीच द्यायची. लाखो लोकांच्या खिशात, शबनममध्ये, गुराख्याच्या कनवटीला असलेलं एक घरगुती हत्यार पडद्यावर आलं ते माणसाचं चारित्र्य सांगायला. चाकू निघाला की माणूस वाईट. पटकथाकाराची दोन पानं वाचली.

यश चोप्रांच्या 'वक्त'मधला (१९६५) प्रसंग सगळ्यांना पाठ आहे. मदन पुरींच्या हातातला चाकू राजकुमार अलगद घेतात आणि ही काही मुलांच्या खेळण्याची वस्तू नाही, अशा अर्थाचं ते प्रसिद्ध वाक्य म्हणतात. गंमत बघा, त्या प्रसंगातला रुबाब चाकू न वापरणाऱ्याचा आहे. आपण मात्र टाळ्या वाजवल्या आणि लक्षात ठेवला तो चाकू.

चाकूकडे नीट पाहणं म्हणजे काय, हे एका सिनेमाने फार पूर्वी दाखवून दिलं आहे. सिडनी ल्युमेटचा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन', १९५७ सालचा. बापाच्या खुनाचा आरोप असलेला झोपडपट्टीतला पोरगा, बारा ज्युरी आणि पुराव्यातला खटक्याचा चाकू. असा चाकू दुसरा मिळणारच नाही, असं सगळे मानून चालतात. हेन्री फोंडा खिशातून तसाच दुसरा काढून टेबलात रोवतो. तो त्याने त्या मुलाच्याच वस्तीजवळच्या दुकानातून घेतलेला असतो. पण मला त्याहून मोठा वाटतो तो नंतरचा प्रसंग. तशाच वस्तीत वाढलेला एक ज्युरी सांगतो की खटक्याचा चाकू सवयीने वापरणारा माणूस खालून वर वार करतो. खटका दाबायला मूठ जशी धरावी लागते, तसाच वार होतो. जखम मात्र वरून खाली आहे! एका माणसाचा जीव वाचण्याच्या दिशेने गोष्ट सरकते, ती कुणाला तरी तो चाकू हातात कसा बसतो हे माहीत असल्यामुळे. बासू चटर्जींनी 'एक रुका हुआ फैसला'मध्ये (१९८६) हीच गोष्ट हिंदीत आणली. तिच्यातून आपण नेमकं काय घेतलं, कोण जाणे.

त्याच दशकात अमेरिकेत उलटा प्रकारही चालू होता. 'रेबेल विदाउट अ कॉज'मध्ये (१९५५) जेम्स डीनच्या हातात खटक्याचा चाकू आला, रंगभूमीवर 'वेस्ट साइड स्टोरी' आली, मासिकांनी घबराट पसरवली. १९५८ मध्ये तिथल्या संसदेने या चाकूंच्या आंतरराज्य व्यापारावर बंदी घातली, पुढच्याच वर्षी ब्रिटननेही कायदा केला. सिनेमाने कायदा केला, असं मी म्हणत नाही. पण कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कोणतं चित्र होतं, ते उघड आहे.

आता रामपूरकडे या. रझा लायब्ररीचं गाव. रामपूर-सहसवान घराण्याचं गाव. भातखंडे बंदिशी मिळवायला जिथे गेले, ते गाव. सिनेमाने त्यातून उचलला फक्त चाकू, आणि तोही गुंडाच्या हातात दिला. शस्त्र कायद्याच्या नियमांत नऊ इंचांहून लांब पात्याला परवाना लागतोच. पुढे नव्वदच्या दशकात उत्तर प्रदेश सरकारने साडेचार इंचांहून लांब पात्याचे चाकू बनवण्यावर बंदी आणली. रामपुरी बसला. त्याच्या लांबीतच त्याची ओळख होती. कारागिरांच्या नावावर कित्येक खलनायकांनी पोट भरलं, कारागिरांच्या हाती त्यातलं काय आलं? २०२३ मध्ये रामपुरात एका चौकात सुमारे वीस फुटांचा चाकू उभा केला. भट्ट्या थंडावल्यावर पुतळा! या चौकात मोबाइल रोखून फोटो काढणाऱ्यांत आपले छंदिष्टही असतील.

दरम्यान सिनेमाला चाकूचा कंटाळा आला आणि त्याने देशी कट्टा उचलला. मिर्झापूर म्हटलं की पूर्वी गालिचे आठवत. आता काय आठवतं ते तुम्हीच सांगा.

हे सगळं उत्तरेतलं म्हणून आपण मराठी लोकांनी हात झटकायचं कारण नाही. आपल्याकडे याच वाटेवर कोयता आहे. तो खिशात मावत नाही, म्हणून या छंदाच्या यादीत बसणार नाही, एवढंच. ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून मिळणारी उचल कोयत्यावर ठरते, एकटा माणूस असेल तर तो 'अर्धा कोयता'. राबणाऱ्या माणसांची मोजणीच ज्या अवजाराने होते, त्याचं नाव आता बातम्यांत 'गँग' या शब्दाला चिकटलंय आणि रील्समध्ये पोरं ते पाठीमागे खोचून ढोलाच्या ठेक्यावर चालतात. त्या पोरांवर कारवाई करा, जरूर करा. पण शब्द घडवणाऱ्या वाहिन्यांना आणि दिग्दर्शकांना कुणी विचारायचं? दहशत हवी असली की कोयता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याला उसाच्या फडात पहाटे चालणारा कोयता दिसत नाही. फडातल्या बाईच्या हातावरचे घट्टे दिसत नाहीत. २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात कोयता विकताना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड बघा, अशी सूचना पोलिसांकडून निघाली. नारळवाल्यालाही ते दाखवावं लागणार, आणि सहा महिने दुसऱ्याच्या फडात राबायला निघालेल्या जोडप्यालाही.