उत्सवाचा हक्क आणि शांततेचा हक्क

उत्सवातील ध्वनिक्षेपकांवर निर्बंध आणणे म्हणजे संविधानाने दिलेल्या धर्मस्वातंत्र्यावर घाला घालणे होय, आणि वर्षातले मोजके दिवस आवाज सोसणे हे नागरिकाचे कर्तव्यच आहे, असा पक्ष ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांत दहीहंडीपासून नवरात्रापर्यंत हिरिरीने मांडला जातो. तो मांडणाऱ्यांच्या श्रद्धेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु या पक्षाला संविधानाचा जो आधार दिला जातो, तो तपासून पाहता टिकत नाही.

धर्मस्वातंत्र्य देणाऱ्या अनुच्छेद 25 चा आरंभच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीनतेने होतो. आरोग्याची मर्यादा ही न्यायालयांनी मागाहून लादलेली नसून घटनाकारांनी ती हक्काच्या शब्दांतच गुंफलेली आहे. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या 2010 सालच्या जनहित याचिकेवर, म्हणजे स्वतःच्या लाभासाठी नव्हे तर सर्वांच्या हक्कासाठी नागरिकाला करता येणाऱ्या अर्जावर, मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अभय ओक आणि अमजद सय्यद यांनी ऑगस्ट 2016 मध्ये निकाल दिला. ध्वनिक्षेपक लावणे हा कोणत्याही धर्माचा वा पंथाचा अनुच्छेद 25 खालील हक्क होऊ शकत नाही, असे त्यात ठरले. बंधन सर्व धर्मांना सारखेच लागू असल्याने ‘आमच्याच सणांवर गदा का?’ या आक्षेपाला जागा उरत नाही. परंपरेचा दाखला तर याहूनही दुबळा आहे, कारण लोकमान्य टिळकांनी 1893 पासून ज्या सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली, तो व्याख्याने आणि मेळे यांनी गाजला आणि विजेवर चालणारा ध्वनिक्षेपक त्या काळी उत्सवात नव्हताच.

‘मोजकेच दिवस’ या युक्तिवादाचा विचार अधिक बारकाईने करावा लागतो, कारण सहृदय माणसालाही तो पटतो. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या 2000 सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची कमाल पातळी ठरवली आहे. डेसिबल हे आवाजाच्या तीव्रतेचे असे माप आहे की त्यात 10 ची वाढ झाली म्हणजे तीव्रता दसपट होते. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत मुभा देता येते, पण ही मुभा केवळ वेळेपुरती आहे, पातळी ओलांडण्याची नाही. सणांची कदर कायद्याने आधीच केलेली आहे; उरलेली मागणी ही सणाची नसून अमर्याद आवाजाची आहे. शिवाय सोसण्याचा वाटा सर्वांना सारखा येत नाही. मिरवणुकीत नाचणारा तरुण मन मानेल तेव्हा घरी जाऊ शकतो. हृदयविकाराचा रुग्ण, बाळंतीण किंवा तान्हे मूल यांना खिडकीखालच्या भिंतीएवढ्या स्पीकरपासून कुठेही जाता येत नाही. भाषणस्वातंत्र्यात दुसऱ्याला बळेच ऐकवण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 18 जुलै 2005 च्या निकालात म्हटले, ते अशाच अगतिक श्रोत्यांना ध्यानात घेऊन.

आता कर्तव्याविषयी. मूलभूत कर्तव्ये 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 51क मध्ये आली आणि त्यांत पर्यावरणाचे रक्षण व प्राणिमात्रांविषयी दया यांचा समावेश आहे. आवाजाचीही गणना 1987 पासून हवेच्या प्रदूषकांमध्ये होत आली आहे. म्हणजे कर्तव्याचा रोख ऐकणाऱ्यापेक्षा वाजवणाऱ्याकडे अधिक आहे. सोसण्याचे कर्तव्य त्या अनुच्छेदात कुठेही सांगितलेले नाही, उलट तक्रार नोंदवणारा नागरिकच कर्तव्य बजावत असतो. अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्काच्या अर्थात प्रदूषणमुक्त परिसर येतो. त्याच्या आधारे न्यायालयात जाता येते, तर मूलभूत कर्तव्ये स्वतःहून न्यायालयामार्फत बजावून घेता येत नाहीत. तेव्हा अशा कर्तव्याचा धाक दाखवून तो हक्क कापण्याची सोय संविधानाने कोणालाच दिलेली नाही.

मात्र हक्काचे रक्षण निकालावर संपत नाही, हे याच याचिकेने दाखवले. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्राने नियम बदलून राज्याने घोषित केल्याखेरीज रुग्णालये व शाळांच्या सभोवतालचे 100 मीटर हे शांतता क्षेत्र मानू नये, असे ठरवले. त्यावरील सुनावणीत राज्य सरकारने थेट न्यायमूर्ती ओक यांच्यावर पक्षपाताचा आरोप केला. प्रकरण त्यांच्याकडून काढले गेले, वकीलवर्गाने निषेध केला, ते पुन्हा त्यांच्याकडे आले आणि सरकारला बिनशर्त माफी मागावी लागली. दुरुस्तीला उच्च न्यायालयाने दिलेली स्थगिती पुढे सर्वोच्च न्यायालयाने रोखली. अनुच्छेद 226 ने उच्च न्यायालयाला दिलेले आदेशाधिकार किती मोलाचे आहेत आणि ते वापरणारा न्यायाधीश निर्भय असणे किती आवश्यक आहे, याचा याहून ठळक पुरावा शोधावा लागत नाही.

2016 च्या निकालातील सर्वांत उपयुक्त भाग तत्त्वचर्चेचा नसून व्यवस्थेचा आहे: तक्रारदाराचे नाव उघड होऊ नये, पोलिसांकडे ध्वनिमापक असावेत आणि रस्त्यावरील मंडपाला परवानगी देताना पालिकेने पादचारी व वाहने यांची वाट अडत नाही हे पाहावे. ज्या गल्लीत मंडळाचे कार्यकर्ते आणि तक्रारदार वर्षभर एकमेकांचे शेजारी असतात, तिथे नाव गुप्त राहण्याची हमी नसेल तर पहिला फोनच केला जाणार नाही.