तान्ह्या पोळ्याचा बोजारा: चिमुकल्यांच्या तोंडी गोळी नको, हाती खेळणे द्या

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा तालुक्यांतील आयाबाया, आजी-आजोबा, अंगणवाडीताई, किराणा दुकानदार, बचत गट आणि तान्हा पोळा भरवणारी मंडळे, सर्वांना कळकळीचे आवाहन.

पोळा तोंडावर आला आहे. बैलांचा सण झाला की दुसऱ्या दिवशी, करीला, लेकरे आपापले लाकडी नंदी सजवून निघतील. दारोदारी नंदीचे औक्षण होईल आणि लेकरांना बोजारा, म्हणजे खाऊ-पैशांची भेट, मिळेल. नागपूरकर दुसऱ्या रघूजीराजे भोसल्यांनी १८०६ मध्ये हा तान्हा पोळा सुरू केला असे सांगतात. तेव्हापासून विदर्भाने तो जिवापाड जपला. शेतात राबणाऱ्या मुक्या जिवाचे उपकार लेकरांना लहानपणीच कळावेत, हा त्यामागचा भाव. तो तसाच राहिला पाहिजे. बदलायची आहे ती फक्त बोजाऱ्याची पिशवी.

संध्याकाळी घरी आलेली ही पिशवी ओतून पाहा. गोळ्या, चॉकलेट, जेली, लॉलीपॉप, मूठभर फुटाणे-शेंगदाणे आणि चिल्लर. दहा वर्षांच्या पोराला त्यातले बरेचसे पचेल. पण त्याच रांगेत आईच्या कडेवर दीड वर्षाचे लेकरूही असते, आणि आपण तीच गोळी त्याच्याही मुठीत देतो.

म्हणून एकच मागणे आहे: पाच वर्षांखालील एकाही लेकराच्या बोजाऱ्यात यंदा गोळी, चॉकलेट, जेली, फुटाणा किंवा शेंगदाणा घालू नका.

कारण साधे आणि गंभीर आहे. लहान मुलांची श्वासनलिका अरुंद असते. चावून बारीक करणाऱ्या दाढा उशिरा येतात, आणि आल्या तरी नीट चावण्याची सवय लागायला काही वर्षे जातात. त्यात सणाची धावपळ, हसणे, ओरडणे. गोल, कडक किंवा बुळबुळीत घास अशा वेळी थेट श्वासनलिकेत उतरू शकतो. श्वास पूर्ण अडला तर हाताशी मिनिटेच असतात. शेंगदाण्याचा तुकडा फुप्फुसाच्या नळीत अडकला तर तिथे फुगतो आणि दिवसेंदिवस खोकला, घरघर, ताप मागे लावतो. गोळ्यांऐवजी ‘पौष्टिक’ म्हणून फुटाणे देणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

दुसरे कारण साखरेचे. दोन वर्षांखालील बाळाला वरची साखर देऊच नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. ‘दुधाचे दात पडणारच आहेत’ हे म्हणणे धोक्याचे आहे. दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात. त्या किडल्या तर लेकरू ठणक्याने रडते, नीट जेवत नाही. पोट गोळ्यांनी भरले की वरण-भात, भाजी, अंडे मागे पडते. आपला वाशिम जिल्हा केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे आणि पोषण हा त्यातला मोठा विषय. इथे लेकराच्या प्रत्येक घासाला मोल आहे.

मग द्यायचे काय? आपल्याच गावात मिळेल, परवडेल असे पुष्कळ आहे.

एक वर्षाखालील बाळाला: सुती टोपडे, झबले, लाळेरे, मऊ दुपटे, चिंध्या घट्ट भरून शिवलेला, बाळाच्या मुठीपेक्षा मोठा कापडी चेंडू.

एक ते तीन वर्षांच्या लेकराला: एकात एक बसणाऱ्या स्टीलच्या वाट्या, मोठे गुळगुळीत लाकडी ठोकळे, दोरी आखूड असलेली ओढगाडी, जाड पुठ्ठ्याच्या पानांचे चित्रपुस्तक. गल्लीने मिळून वर्गणी काढली तर नुकत्या उभ्या राहणाऱ्या बाळाला सुताराकडून पांगुळगाडाही करून देता येईल.

तीन ते पाच वर्षांच्या लेकराला: पाटी आणि जाड खडू, रंगखडू आणि कोरी वही, छोटी झारी, नॅशनल बुक ट्रस्ट किंवा प्रथम बुक्सची मराठी चित्रपुस्तके. काहीच जमले नाही तर आपल्या रानातल्या काळ्या मातीचा मळलेला गोळा केळीच्या पानावर द्या आणि ‘तुझा बैल तूच कर’ म्हणा. लेकरू तासभर त्यात रमेल.

खाऊच द्यायचा असेल तर केळे द्या, आणि लेकराला बसवून, समोर राहून भरवा. पैसे द्यायचे तर नोट द्या, तीही आईच्या हाती. नाणी लेकरे हमखास तोंडात घालतात.

खेळणे घेताना एक खूण लक्षात ठेवा. साधारण तीन सेंटीमीटरपेक्षा लहान वस्तू तीन वर्षांखालील मुलाच्या हाती देऊ नये. दुकानातल्या खेळण्यावर आयएसआय चिन्ह पाहा. १ जानेवारी २०२१ पासून ते बंधनकारक आहे. बटणासारख्या चपट्या सेलची खेळणी टाळाच. गिळलेला सेल दोन तासांत अन्ननलिका जाळू शकतो. लहानग्याच्या नंदीला मणी, टाचण्या, सुटे घुंगरू आणि सेलवर चालणारे दिवे लावू नका; झूल, गोंडे आणि रंग पुरेसे शोभतात. फुगेही लहानांपासून दूर ठेवा. फुटलेल्या फुग्याचा रबरी तुकडा घशात चिकटून बसतो.

आता ज्याचे त्याने काम उचलावे. बचत गटांनी आजपासून कापडी चेंडू आणि बाहुल्या शिवायला घ्याव्यात. मानोऱ्याकडच्या तांड्यांवरील भगिनींच्या हातचा बंजारा टाका त्यावर खुलून दिसेल. फक्त आरसे आणि कवड्या नकोत. सुतार, कुंभार बांधवांना मंडळांनी आगाऊ मागणी द्यावी. मंडळांनी पाच वर्षांखालील मुलांची रांग आणि बोजारा वेगळा ठेवावा. बक्षीस देणाऱ्या लोकप्रतिनिधींनी चॉकलेटच्या पुड्यांऐवजी पुस्तके आणावीत. दुकानदारांनी गल्ल्यावरच्या बरण्या त्या दिवशी मागे सरकवून चेंडू, पाट्या, रंगखडू पुढे मांडावेत. अंगणवाडीताईंनी पालकांच्या बैठकीत हे आवाहन वाचून दाखवावे.

एवढे करूनही कुठे घास अडकलाच, तर काय करायचे हे प्रत्येक घराला ठाऊक हवे. लेकरू जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाज बंद झाला, खोकला येईना, ओठ निळे पडू लागले तर एकाने १०८ ला फोन लावावा आणि दुसऱ्याने लगेच उपाय सुरू करावा. एक वर्षाखालील बाळाला हातावर पालथे, डोके खाली ठेवून दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा द्या. मग उताणे करून छातीच्या मध्यावर पाच वेळा दाबा. एक वर्षावरील मुलाला पुढे वाकवून पाठीवर पाच थापा द्या, मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पाच वेळा आत आणि वरच्या दिशेने दाबा. वस्तू निघेपर्यंत हे आळीपाळीने चालू ठेवा. मूल बेशुद्ध झाले तर जमिनीवर उताणे ठेवून, येत असेल त्याने छाती दाबून कृत्रिम श्वास द्यावा. न दिसणारी वस्तू बोटाने काढायला जाऊ नका, ती आणखी आत जाते. पाणी, केळे किंवा भाताचा गोळा देऊ नका. लेकराला पायाला धरून उलटे टांगू नका.

बोजारा देणाऱ्या हातात माया असते, याबद्दल शंका नाही. त्या मायेला यंदा थोडी सावधगिरीची जोड द्या. हे आवाहन आजच शेजारच्या चार घरांना सांगा, बचत गटाच्या बैठकीत मांडा, देवळाच्या पारावर वाचा. करीच्या दिवशी पहिला नंदी दारात येण्याआधी प्रत्येक घरात चिमुकल्यांचा वेगळा बोजारा तयार असलाच पाहिजे.