एअर चीफ मार्शल लतीफ आणि जग्वारचा धडा

चंडीगड येथील हवाई तळावर २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ विमानांना समारंभपूर्वक निरोप देण्यात आला आणि भारतीय हवाई दलातील लढाऊ विमानांच्या तुकड्यांची संख्या २९ वर आली. मंजूर संख्या मात्र ४२ आहे. ही तफावत एकाएकी निर्माण झालेली नाही. जुनी विमाने केव्हा तरी निवृत्त होणार हे सर्वांना ठाऊक होते. त्यांच्या जागी कोणती विमाने आणायची, याचे निर्णय वर्षानुवर्षे लांबत गेले. या पार्श्वभूमीवर माजी हवाई दलप्रमुख एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ यांच्या कारकिर्दीचे स्मरण उद्बोधक ठरावे.

लतीफ यांचे ३० एप्रिल २०१८ रोजी हैदराबाद येथे वयाच्या ९४ व्या वर्षी निधन झाले. हवाई दलाचे पहिले मुस्लिम प्रमुख आणि फाळणीच्या वेळी पाकिस्तानात जाण्यास नकार देणारे अधिकारी, असा त्यांचा परिचय बहुधा करून दिला जातो. तो खरा आहे, पण अपुरा आहे. एखाद्या सेनाधिकाऱ्याच्या चार दशकांच्या कामाऐवजी त्याच्या निष्ठेचाच दाखला वारंवार दिला जात असेल, तर त्यात गौरवाइतकाच अन्यायही असतो.

फाळणीतील निवड

९ जून १९२३ रोजी हैदराबादेत जन्मलेले लतीफ १९४२ मध्ये हवाई दलात अधिकारी म्हणून दाखल झाले. कराचीच्या किनाऱ्यावर वापिटीसारख्या दुपंखी विमानांतून अरबी समुद्रावर गस्त घालणे हे त्यांचे सुरुवातीचे काम होते. पुढे निवडक भारतीय वैमानिकांबरोबर त्यांना ब्रिटनला पाठविण्यात आले. तेथे हरिकेन आणि स्पिटफायर या विमानांचे प्रशिक्षण घेऊन ते परतले आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपान्यांविरुद्ध लढले. तेथील त्यांच्या तुकडीचे नेतृत्व असगर खान यांच्याकडे होते. हेच असगर खान पुढे पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले आणि त्यांच्यानंतर ते पद नूर खान यांच्याकडे गेले. दोघेही लतीफ यांचे युद्धकाळातील स्नेही. फाळणीनंतर या दोघांनी त्यांना पाकिस्तानात येण्याचा आग्रह केला. परंतु धर्म आणि देश या दोन गोष्टींची आपण सांगड घालत नाही, हे लतीफ यांनी स्पष्ट केले, असे सांगितले जाते.

या निर्णयाचे मोल जाणण्यासाठी एक बाब ध्यानात घ्यावयास हवी. ऑगस्ट १९४७ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालेले नव्हते. मराठवाड्यातील जनता निजामाच्या राजवटीविरुद्ध झुंजत होती आणि मुक्तीचा दिवस उजाडण्यास १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत वाट पाहावी लागली. म्हणजे लतीफ यांचे स्वतःचे घर ज्या संस्थानात होते, त्याचे भवितव्य अधांतरी असताना त्यांनी भारताची निवड केली होती. ती एकदा केली आणि ते कामाला लागले. १९५० मध्ये पहिल्या प्रजासत्ताक दिनी राजधानीवरून उडालेल्या टेम्पेस्ट विमानांचे नेतृत्व त्यांनीच केले. त्यानंतर त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा उत्तर मागण्याचे कारण देशाला उरले नव्हते.

रेंगाळलेला प्रस्ताव

लतीफ यांच्या कारकिर्दीचा खरा कस लागला तो युद्धभूमीपेक्षा नियोजनाच्या टेबलावर. १९७१ च्या युद्धाच्या वेळी ते हवाई दल मुख्यालयात नियोजन विभागाचे सहायक प्रमुख होते. विमानांची, सुट्या भागांची, दारूगोळ्याची आणि मनुष्यबळाची तजवीज हे या विभागाचे काम. त्याला प्रसिद्धी मिळत नाही. मात्र त्यात चूक झाली तर वैमानिकाचे शौर्यही उपयोगी पडत नाही.

१ सप्टेंबर १९७८ रोजी एअर चीफ मार्शल हृषीकेश मुळगावकर यांच्याकडून लतीफ यांनी हवाई दलाची सूत्रे स्वीकारली. १९५७ च्या सुमारास दाखल झालेली कॅनबेरा आणि हंटर विमाने तोवर जुनी झाली होती. शत्रूच्या रडारखालून, जमिनीलगत उडत खोलवर मारा करू शकेल अशा विमानाची गरज हवाई दल कित्येक वर्षे मांडत होते. ब्रिटिश-फ्रेंच जग्वार, फ्रान्सचे मिराज एफ-१ आणि स्वीडनचे व्हिगन अशी स्पर्धा होती. व्हिगनच्या इंजिनाचे मूळ अमेरिकी असल्याने ते भारताला देण्यास अमेरिकेने आडकाठी केली. इतर कारणांनीही हा विषय आठ वर्षांहून अधिक काळ रेंगाळला होता. लतीफ यांनी त्याचा सातत्याने पाठपुरावा केला. मुळगावकरांच्या काळात पूर्वतयारी झाली होतीच. १९७८ च्या अखेरीस जग्वारचा निर्णय पक्का झाला.

पुढच्या हालचाली आजच्या मानाने आश्चर्य वाटावे इतक्या वेगाने झाल्या. ब्रिटनच्या हवाई दलाकडून काही विमाने उसनी घेण्यात आली आणि जुलै १९७९ मध्ये पहिली जग्वार अंबाला तळावर उतरली. ४० विमाने ब्रिटनमध्ये तयार होऊन येणार आणि उरलेली बंगळूर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये परवान्याखाली बांधली जाणार, अशी योजना होती. १९८० मध्ये केंद्रात सत्तांतर झाल्यानंतरही करार टिकला. लतीफ यांच्याच काळात सोव्हिएत संघाशी वाटाघाटी होऊन मिग-२३ आणि पुढे मिग-२५ ही विमानेही आली. वापिटीतून समुद्रावर गस्त घालणाऱ्या वैमानिकाने आपल्या दलात ध्वनीच्या जवळपास तिप्पट वेगाने उडणारे टेहळणी विमान आणून ३१ ऑगस्ट १९८१ रोजी निवृत्ती घेतली.

राजभवनातील तीन वर्षे

निवृत्तीनंतर मार्च १९८२ मध्ये ते महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. मुंबईच्या दृष्टीने हा काळ कसोटीचा होता. गिरणी कामगारांचा संप जानेवारीत सुरू झालेला होता. ऑगस्टमध्ये पोलिसांच्या आंदोलनामुळे शहरात लष्कर बोलवावे लागले. बाबासाहेब भोसले यांच्यानंतर १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले आणि १९८४ मध्ये भिवंडी व मुंबई दंगलींनी होरपळली. याच काळात लतीफ यांच्या पत्नी, लेखिका बिल्कीस लतीफ यांनी धारावीतील वस्त्यांमध्ये सामाजिक कामाला सुरुवात केली. त्या कार्यासाठी २००९ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. एप्रिल १९८५ मध्ये राजभवन सोडल्यावर लतीफ फ्रान्समध्ये राजदूत होते आणि १९८८ मध्ये ते हैदराबादला परतले.

आजचा प्रश्न

लतीफ यांच्या काळात आलेली मिग-२५ विमाने २००६ मध्ये, तर शेवटची मिग-२३ विमाने २००९ मध्ये निवृत्त झाली. जग्वार मात्र आजही सेवेत आहे. फ्रान्सने ते २००५ मध्ये आणि ब्रिटनने २००७ मध्ये सेवेतून काढले. ओमाननेही २०१४ मध्ये त्याला निरोप दिला.  भारताने त्यात नवी दिशादर्शन व मारा यंत्रणा बसवून त्याचे आयुष्य वाढविले. परंतु भारतीय उन्हाळ्यात त्याचे इंजिन अपुरे पडते ही तक्रार जुनी होती. नवे इंजिन बसविण्याचा प्रस्ताव अनेक वर्षे चर्चेत राहून २०१९ मध्ये खर्चाच्या कारणाने सोडून देण्यात आला. २०२५ मध्ये मार्च ते जुलै या अवघ्या चार-पाच महिन्यांत तीन जग्वार कोसळली आणि तीन वैमानिकांनी प्राण गमावले. या अपघातांची कारणे चौकशीचा विषय आहेत. चार दशकांपूर्वी आणलेल्या विमानावर तरुण वैमानिकांना अजून विसंबावे लागते, ही वस्तुस्थिती मात्र चौकशीवाचूनही स्पष्ट आहे.

याचा दोष १९७८ च्या निर्णयाकडे जात नाही. तो वेळेवर घेतला गेला आणि त्याने अपेक्षेपेक्षा अधिक काळ साथ दिली. दोष आहे तो त्यानंतरच्या दिरंगाईचा. १२६ विमानांच्या खरेदीसाठी २००७ मध्ये सुरू झालेली प्रक्रिया २०१५ मध्ये गुंडाळण्यात आली आणि हाती आली ती ३६ राफेल. २०२१ मध्ये ८३ तेजस मार्क-१ए विमानांचा करार झाला. त्यांच्या पुरवठ्याचे वेळापत्रकही कोलमडले. विमान निवडण्यापासून त्याची तुकडी उभी राहीपर्यंत दशक उलटते. त्यामुळे आज टाळलेल्या निर्णयाची किंमत आजचे मंत्री वा अधिकारी मोजत नाहीत. ती पुढच्या पिढीतील वैमानिक मोजतात.

निवृत्त सेनाधिकाऱ्यांचे स्मरण आपल्याकडे पदके, मानवंदना आणि शौर्यकथा यांभोवती फिरते. लतीफ यांच्याबाबतीत त्यात धर्माच्या उल्लेखाची भर पडते. त्यांनी मागे ठेवलेले काम याहून साधे आणि अधिक टिकाऊ होते. रेंगाळलेला प्रस्ताव त्यांनी धसास लावला आणि त्या विमानांवर हवाई दलाच्या दोन पिढ्या घडल्या. २९ तुकड्यांवर आलेल्या हवाई दलाला आज तशाच चिकाटीची निकड आहे.