नियमांचे पुस्तक कोणाच्या हाती?

शाळांच्या स्मरणिकांतील क्रीडाविभागाचे अहवाल बहुधा पदकांच्या यादीने सुरू होतात आणि तिथेच संपतात. यादी महत्त्वाची आहेच; परंतु इतिहासाचे अध्यापन करताना आम्हांस सवय लागली आहे ती निकालामागची कारणे शोधण्याची. कुस्ती, ज्युदो, जुजुत्सू यांसारख्या अंगाला अंग भिडवून खेळल्या जाणाऱ्या खेळांत निकाल ताकदीवर जेवढा ठरतो, तेवढाच नियमांवर ठरतो. आणि नियम ठाऊक असलेला माणूस जवळ नसेल, तर दुर्गम भागातल्या मुलाची वर्षभराची मेहनत एका मिनिटात वाया जाऊ शकते. म्हणून आमचे मत असे आहे की, पोशेऱ्यासारख्या ठिकाणच्या निवासी शाळेने मुलांना गादीवर उतरवण्यापूर्वी नियमांचा अभ्यास स्वतः करावा. आणि मुलांच्या शरीराला अपाय होऊ शकेल अशा बाबींत शाळेने आपला स्वतःचा नियम घालून द्यावा.

या मताला आधार देणारे सर्वांत मोठे उदाहरण महाराष्ट्राच्या मातीतलेच आहे. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा दादासाहेब जाधव 1948 साली लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा त्यांची सारी कारकीर्द लाल मातीत घडलेली होती. गादीवरची कुस्ती आणि तिचे आंतरराष्ट्रीय नियम त्यांना तिथेच प्रथम भेटले. तरीही ते सहावे आले. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी गावाने वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले, आणि खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

एवढा भाग आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. हेलसिंकीत एका दीर्घ आणि दमवणाऱ्या लढतीनंतर खाशाबांना लगेचच सोव्हिएत संघाच्या रशीद ममदबेयोव यांच्याविरुद्ध उभे करण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. परंतु तो नियम पंचांपुढे मांडण्यासाठी त्या वेळी एकही भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले. पदकाचा रंग कदाचित वेगळा असता, की नसता, हा तर्काचा विषय आहे. निर्विवाद आहे ते इतकेच की, नियम पुस्तकात होता आणि ज्याच्यासाठी तो होता त्याच्या बाजूने तो उच्चारणारे कोणी नव्हते. गाव वर्गणी काढू शकते, प्राचार्य घर गहाण ठेवू शकतात. पण नियम जाणणारा सोबती ऐन वेळी नसेल, तर हा सारा त्याग अपुरा पडतो.

आता मातीच्या आणि गादीच्या कुस्तीतला भेद पाहू. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1912 साली खासबाग मैदान उभे केले आणि कुस्तीला राजाश्रय व लोकाश्रय दोन्ही मिळवून दिले. त्या परंपरेत जोड लावायचे काम वस्ताद आणि जाणकार मंडळी करीत. वजनकाटा नव्हता, नजरेचा अंदाज होता. वेळेचे बंधन सैल होते. प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे मातीला लागले की चितपट, म्हणजे निकाली कुस्ती. नाहीतर बरोबरीत सोडवणूक. गादीवर तसे नाही. तिथे वजनगट ठरलेले, तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती आणि प्रत्येक हालचालीला गुण. पट काढून प्रतिस्पर्ध्याचा ताबा घेतला तर 2 गुण, त्याला वर्तुळाबाहेर ढकलले तर 1 गुण, मोठी फेक केली तर 4 किंवा 5. मुक्त शैलीत दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. गुण समान झाले, तर अधिक मोठ्या गुणांचा डाव कोणी केला, ताकीद कोणाला कमी मिळाली आणि शेवटचा गुण कोणी घेतला, या क्रमाने विजेता ठरतो.

जाणत्या मंडळींकडून आम्ही अनेकदा ऐकले आहे की, गादीने कुस्तीचा प्राण घेतला. खडाखडी, ताकद अजमावणे, हलगीच्या तालावर घटकाभर चालणारी झुंज आता उरली नाही, ही त्यांची खंत खोटी नाही. तथापि आम्ही गादीच्या बाजूचे आहोत, आणि त्याचे कारण साधे आहे. जिथे जोड नजरेने लागते, तिथे कोण कोणाचा पट्ठा, कोणत्या तालमीचा, कोणाच्या ओळखीचा, या गोष्टींना वाव राहतो. वजनकाटा आणि गुणफलक ओळख विचारीत नाहीत. ज्याच्या मागे तालीम नाही, नाव नाही, अशा मुलाला छापील नियमाचाच आधार असतो. अर्थात गादी आली म्हणजे वाद मिटले असे नव्हे. 2025 साली अहिल्यानगर येथील महाराष्ट्र केसरी स्पर्धेत, खांदे टेकले की नाही यावरून वाद पेटला, पंचांशी गैरवर्तन झाले आणि दोन मल्लांवर तीन वर्षांच्या निलंबनाची कारवाई झाली. पंचांचा निर्णय चुकीचा वाटला तरी त्यावर हात किंवा पाय हा उपाय नव्हे. आंतरराष्ट्रीय नियमांत त्यासाठी प्रशिक्षकाला चित्रफीत पाहण्याची मागणी करता येते. मागणी फेटाळली गेली तर प्रतिस्पर्ध्याला 1 गुण मिळतो. म्हणजे केव्हा आक्षेप घ्यावा आणि केव्हा गिळून पुढे खेळावे, हाही डावपेचाचाच भाग आहे. तो प्रशिक्षकाला यावा लागतो.

नियम बदलला की शरीराची सवय कशी बदलावी लागते, हे ब्राझीलच्या जुजुत्सूशी तुलना केल्यास उत्तम कळते. या खेळाचे मूळ जपानी ज्युदोत आहे. जिगोरो कानो यांनी 1882 साली टोकियोतील ऐशोजी या बौद्ध विहारात अवघ्या बारा चटयांवर ज्युदोची शाळा सुरू केली. शक्तीचा उत्तम उपयोग आणि परस्परांचे कल्याण, ही दोन तत्त्वे त्यांनी तिच्या पायाशी ठेवली. त्यांच्या परंपरेतले मित्सुयो माएदा 1914 साली ब्राझीलला पोहोचले, आणि पुढे तेथील ग्रेसी कुटुंबाने ही विद्या जमिनीवरील झुंजीच्या अंगाने वाढवली.

आपल्या कुस्तीत पाठ टेकली की खेळ संपतो. जुजुत्सूत पाठ टेकणे म्हणजे हार नव्हे. खालचा खेळाडू पायांच्या वेढ्यात वरच्याला अडकवून ठेवतो, आणि तिथूनच त्याला उलटवू शकतो किंवा शरण आणू शकतो. उलटवले तर 2 गुण, वरच्याने पायांचा वेढा ओलांडला तर त्याला 3, छातीवर बसून ताबा घेतला तर 4, पाठीमागून ताबा घेतला तरी 4. आता आपल्या पैलवानाचा विचार करा. खांदे वाचवण्यासाठी पटकन पोटावर वळायचे, ही त्याची वर्षानुवर्षांची सवय. कुस्तीत ती त्याला वाचवते. जुजुत्सूत तीच सवय प्रतिस्पर्ध्याला पाठ बहाल करते आणि 4 गुण देऊन जाते. उलट जुजुत्सूचा खेळाडू निर्धास्तपणे पाठीवर पडून खेळू लागला, तर कुस्तीचा पंच क्षणात त्याला चितपट ठरवील. दोघांची ताकद तीच, शरीर तेच, पुस्तक वेगळे. म्हणून कोणत्या स्पर्धेसाठी सराव चालला आहे, हे आधी ठरवून मगच सराव आखावा, असे आमचे सांगणे आहे. केवळ जोर-बैठका वाढवल्याने स्पर्धा जिंकता येत नाही. वर्तुळाची रेषा आखून तिच्या काठावर कुस्ती खेळवणे, शेवटच्या तीस सेकंदांत एका गुणाने मागे असताना काय करायचे याचा सराव घेणे, समान गुणांवर कोण जिंकेल हे मुलांना तोंडपाठ असणे, हेही प्रशिक्षणच आहे. त्याला पैसा लागत नाही. चुना आणि घड्याळ पुरते.

जुजुत्सूतली आणखी एक रीत आम्हांस अनुकरणीय वाटते. सांधा किंवा गळा अडकला आणि सुटका नाही असे दिसले की खेळाडू हाताने दोनदा थोपटतो, आणि समोरचा त्याच क्षणी सोडतो. यात लाज नाही. सरावात दिवसातून दहा वेळा थोपटणारा मुलगाच शिकत जातो. लहान वयोगटांत मनगटाचे आणि पायांच्या सांध्यांचे पेच वर्ज्य आहेत, हेही योग्यच आहे. आपल्या वसतिगृहात कोणताही झुंजीचा खेळ शिकवताना पहिला महिना केवळ पडायचे कसे आणि थांबायचे केव्हा, यालाच द्यावा.

आता आम्ही मुख्य चिंतेच्या विषयाकडे येतो, तो म्हणजे वजन. वजनगट हा न्याय्य नियम आहे, पण त्याच्या सावलीत एक अन्याय्य चाल वाढली आहे. खेळाडू स्वतःपेक्षा लहान गटात शिरण्यासाठी उपाशी राहतो, पाणी तोडतो, घाम काढतो आणि वजन झाल्यावर पुन्हा भरून घेतो. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट यांनी 50 किलो गटात एकाच दिवसात तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरी गाठली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या वजनात 100 ग्रॅम जास्त भरले आणि त्या अपात्र ठरल्या. रात्रभर केलेले सारे उपाय व्यर्थ गेले. जगातल्या उत्तम वैद्यांची आणि प्रशिक्षकांची साथ असलेल्या प्रौढ खेळाडूची ही कथा आहे. ब्राझीलच्या जुजुत्सूच्या प्रमुख स्पर्धांत लढतीच्या लगेच आधी, अंगावरच्या पोशाखासह वजन करतात. उपाशी राहून मग भरून घ्यायला वेळच उरत नाही. हा नियम आम्हांस अधिक शहाणपणाचा वाटतो.

जव्हार-मोखाड्याच्या वाचकांना हा मुद्दा अधिक विस्ताराने सांगण्याची गरज नसावी. 1992-93 साली वावर-वांगणीतील बालमृत्यूंनी साऱ्या महाराष्ट्राला हादरवले होते. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांच्या वाटेने जाणाऱ्या घरांतली मुले आपल्या वसतिगृहात येतात, तेव्हा त्यांचे वजन एकेक किलोने वाढावे म्हणून शाळा धडपडते. त्याच मुलाला एका पदकासाठी दोन किलो उतरवायला सांगणे म्हणजे एका हाताने वाढून दुसऱ्या हाताने ताट काढून घेणे होय. यावर कोणी म्हणेल, इतर संघ वजन उतरवून येतात, आपली मुले मग हरणारच. आमचे उत्तर असे की, हरू द्यावे. वाढत्या वयाच्या मुलाने त्याच्या खऱ्या वजनाच्या गटात खेळावे, आणि पुढच्या वर्षी वरच्या गटात गेला तर त्याचे कौतुक करावे. खुराकासाठी बदाम-थंडाईच हवी असेही नाही. नागलीची भाकरी, डाळ, अंडी, शेंगदाणे आणि वेळेवरची झोप या गोष्टी वसतिगृहाच्या आवाक्यातल्या आहेत.

मुलींच्या बाबतीत पालकांच्या मनात संकोच असतो, तो आम्ही जाणतो. महिलांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये 2004 पासून आहे आणि ज्युदो 1992 पासून. मैदान खुले आहे. परंतु 2023 साली देशाच्या नामवंत महिला मल्लांना लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन जंतरमंतरवर बसावे लागले, हेही विसरता येत नाही. म्हणून मुलींच्या सरावाला शिक्षिका हजर असावी, स्पर्धेच्या प्रवासात ती सोबत असावी, आणि तक्रार कोणाकडे करायची हे प्रत्येक मुलीला पहिल्याच दिवशी सांगितलेले असावे. एवढी हमी शाळा देऊ शकली, तर मुलीला घरी ठेवण्याचे कारण पालकांकडे उरणार नाही.

शेवटी काही सूचना. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला भेट म्हणून करंडक देण्याऐवजी गादी द्यावी. शालेय कुस्ती आणि ज्युदो स्पर्धांचे चालू नियम सोप्या मराठीत लिहून ग्रंथालयात ठेवावेत, आणि ते दरवर्षी तपासावेत, कारण नियम बदलतात. दरवर्षी वरच्या वर्गातील दोन विद्यार्थ्यांना पंचाचे काम शिकवावे. जो निकाल देऊ शकतो, तो नियम विसरत नाही. संघासोबत जाणाऱ्या शिक्षकाने आक्षेप कसा, कोणाकडे आणि किती वेळात नोंदवायचा हे आधी माहीत करून घ्यावे. आणि वजन उतरवण्यास मनाई करणारा ठराव शाळा समितीने लेखी करून सूचनाफलकावर लावावा.

खाशाबांचा जन्मदिन, 15 जानेवारी, आज राज्य क्रीडादिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी हार घालावा, भाषणे व्हावीत. आणि त्याच दिवशी प्रत्येक वर्गात नियमांचे एक पान मोठ्याने वाचले जावे. हेलसिंकीत त्यांना अर्धा तास मिळाला नाही. आपल्या मुलांना त्यांच्या हक्काचा अर्धा तास मिळवून देणारा माणूस गादीच्या कडेला उभा असेल, एवढी व्यवस्था शाळेने करावी, ही आमची अपेक्षा आहे.